बुद्ध्यंक आणि पुढचा धडा : बिने-कामत कसोटीच्या शालेय उपयोगाची चिकित्सा

१

शाळेत मागे पडणाऱ्या मुलाची मानसशास्त्रीय तपासणी कशासाठी करावयाची, या प्रश्नाची दोन उत्तरे संभवतात. पहिले असे की, त्या मुलाला कसे शिकवावे हे शिक्षकाला कळावे. दुसरे असे की, त्या मुलाला कोणत्या वर्गात बसवावे किंवा कोणती सवलत द्यावी हे व्यवस्थेला ठरविता यावे. व्यवहारात ही दोन्ही उत्तरे एकमेकांत इतकी मिसळून गेली आहेत की, एका प्रयोजनासाठी केलेले मापन दुसऱ्यासाठीही आपोआप उपयोगी पडते असे सर्वत्र गृहीत धरले जाते. हे गृहीत तपासून पाहणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू होय.

या तपासणीसाठी आम्ही एकच कसोटी मुख्यतः डोळ्यांपुढे ठेवली आहे. ती म्हणजे व्ही. व्ही. कामत यांनी कन्नड व मराठी भाषांत बसविलेली बिने पद्धतीची बुद्धिकसोटी. ही निवड दोन कारणांसाठी केली आहे. मराठी मुलांसाठी झालेल्या बुद्धिमापनाच्या पहिल्या पद्धतशीर प्रयत्नांपैकी हा एक असून, कामतांचा ‘मेझरिंग इंटेलिजन्स ऑफ इंडियन चिल्ड्रेन’ हा ग्रंथ १९४० साली ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसने प्रसिद्ध केला. दुसरे कारण अधिक महत्त्वाचे आहे. या कसोटीच्या गुणदोषांत एकंदर शालेय मानसमापनाचे गुणदोष इतके स्पष्ट उमटले आहेत की, तिची चिकित्सा ही तिच्यापुरती मर्यादित राहत नाही.

२

कसोटीचा विचार करण्यापूर्वी तिचे मूळ थोडक्यात पाहणे आवश्यक आहे. १९०४ साली फ्रान्सच्या शिक्षणमंत्र्यांनी एक समिती नेमली. सामान्य वर्गात ज्यांचा निभाव लागत नाही अशी मुले कशी ओळखावी व त्यांच्या शिक्षणाची कोणती सोय करावी, हा समितीपुढील प्रश्न होता. आल्फ्रेड बिने या समितीचे सभासद होते. त्यांनी तेओदोर सिमाँ यांच्या साहाय्याने १९०५ साली चढत्या काठिण्याच्या तीस प्रश्नांची श्रेणी तयार केली. १९०८ साली प्रश्न वयानुसार रचले, आणि त्यातून मानसिक वयाची कल्पना पुढे आली. १९११ साली तिसरी आवृत्ती निघाली आणि त्याच वर्षी बिने यांचे निधन झाले.

या इतिहासातील दोन गोष्टी आपल्या विवेचनाला उपयोगी आहेत. पहिली अशी की, शिक्षकाचे मत, वैद्याचे निदान आणि शाळेचा शेरा यांत एकवाक्यता नसते, हा बिने यांचा अनुभव होता. एकाच मुलाला एक जण मंद म्हणतो, दुसरा आळशी म्हणतो आणि तिसरा व्रात्य म्हणतो. कसोटीचा जन्म या मतामतांच्या गलबल्यातून मुलाची सुटका करण्यासाठी झाला. आजही ज्या शाळेत कोणतीच तपासणी होत नाही तेथे ‘ढ’ हा एकच शब्द निदानाचे काम करतो, आणि ‘आडातच नाही तर पोहऱ्यात कोठून येणार’ या म्हणीने चर्चा संपते. यास्तव कसोट्यांवर टीका करणाराने त्यांच्या अभावी काय घडते हे विसरता कामा नये.

दुसरी गोष्ट अशी की, बुद्धी ही जन्मतः ठरलेली व न बदलणारी राशी आहे, हे मत बिने यांना मान्य नव्हते. १९०९ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात त्यांनी या मताचा निषेध केला आणि अवधान, स्मरण व निर्णयशक्ती यांना वळण लावणाऱ्या व्यायामांचा पुरस्कार केला. या व्यायामांना त्यांनी ‘मानसिक अस्थिसंस्करण’ अशा अर्थाचे नाव दिले होते. म्हणजे त्यांच्या योजनेत मापनाच्या पुढची पायरी अध्यापनाची होती.

ही पुढची पायरी पुढील काळात मागे पडली. १९१२ साली विल्यम स्टर्न यांनी मानसिक वयाला प्रत्यक्ष वयाने भागण्याची सूचना केली. १९१६ साली लुइस टर्मन यांनी स्टॅनफर्ड आवृत्तीत त्या भागाकाराला शंभराने गुणून बुद्ध्यंक रूढ केला. भागाकाराने तुलना सुलभ झाली हे खरे, परंतु त्याच वेळी तीस-चाळीस उत्तरांतून दिसणारे मूल एका अंकात आटून गेले. ‘हे मूल कोणत्या प्रश्नावर अडले’ हे विचारण्याची गरज राहिली नाही. ‘त्याचा अंक किती’ एवढेच विचारणे पुरेसे ठरले.

३

कामतांनी आपले काम तत्कालीन मुंबई-कर्नाटक भागात, १९३० च्या दशकात केले. त्यांच्या आगेमागे हिंदुस्थानात असे अन्य प्रयत्न झाले होते. हर्बर्ट राइस यांची हिंदुस्तानी श्रेणी १९२९ साली ग्रंथरूपाने आली होती. तथापि कामतांच्या प्रयत्नाचे मोल वेगळे आहे. इंग्रजी कसोटीचे शब्दशः भाषांतर करून ती मुलांपुढे ठेवणे त्यांनी टाळले आणि प्रश्न येथील मुलांच्या परिचयातील वस्तू, नाणी, चित्रे व व्यवहार यांना जुळवून घेतले. कोणता प्रश्न कोणत्या वयाला योग्य हे येथील मुलांच्या उत्तरांवरून ठरविले. परकी कसोटी आणि देशी मूल यांच्यामधील अंतर हा केवळ भाषांतराचा प्रश्न नाही, हे त्यांनी जाणले होते.

या कसोटीचा आणखी एक गुण ती प्रत्यक्ष वापरणाऱ्या परीक्षकांना ठाऊक आहे. प्रश्न वयानुसार लावलेले असल्यामुळे एकाच प्रकारच्या कामात मूल फार वेळ अडकून पडत नाही. अंक उलट्या क्रमाने म्हणणे झाले की चित्रातील विसंगती ओळखावयाची, ती झाली की दोन वस्तूंतील साम्य सांगावयाचे, अशी विविधता राहते. लाजाळू किंवा लवकर कंटाळणारे मूल यामुळे परीक्षकाशी बोलते राहते, आणि कुशल परीक्षकाला अर्ध्या-पाऊण तासात त्याच्या विचारपद्धतीचे बरेच दर्शन घडते. हे दर्शन हाच वस्तुतः कसोटीचा सर्वांत मौल्यवान भाग होय. मूल ‘येत नाही’ असे तत्काळ म्हणते, की चुकीचे का होईना उत्तर शोधते. चूक दाखविल्यावर सुधारते की गोंधळते. प्रश्न पुन्हा सांगितल्यावर त्याला उत्तर येते की नाही. या साऱ्या गोष्टी शिक्षकाला हव्या असतात. परंतु गुणदानाच्या तक्त्यात त्यांना जागा नाही, आणि म्हणून अहवालातही त्या क्वचितच उतरतात.

४

आता दोषांकडे वळू. हे दोष सांगताना कामतांना उणे लेखण्याचा हेतू नाही. त्यांच्या काळी उपलब्ध असलेले तंत्र त्यांनी निष्ठेने वापरले. प्रश्न आहे तो ते तंत्र जुने झाल्यानंतरही त्याचा अंक प्रमाण मानणाऱ्यांचा.

पहिला दोष गुणोत्तराच्या बुद्ध्यंकाचा आहे. मानसिक वय भागिले प्रत्यक्ष वय या रीतीने काढलेल्या अंकाचा अर्थ सर्व वयांत सारखा राहावयाचा असेल, तर प्रत्येक वयोगटात त्या अंकांचा फैलाव सारखा असला पाहिजे. तसा तो नसतो. टर्मन आणि मेरिल यांच्या १९३७ च्या आवृत्तीत सहा वर्षांच्या मुलांचे प्रमाण विचलन सुमारे १२.५ होते आणि बारा वर्षांच्या मुलांचे सुमारे २०. याचा परिणाम असा की, ७५ हा अंक सहाव्या वर्षी सरासरीखाली दोन प्रमाण विचलने येतो, म्हणजे शंभरांत दोन-तीन मुलेच त्याहून खाली असतात. बाराव्या वर्षी तोच अंक सव्वा विचलनच खाली येतो आणि त्याहून खाली शंभरांत दहा-अकरा मुले असतात. उलट, जे मूल आपल्या समवयस्कांत आपले स्थान यत्किंचितही न बदलता दोन विचलने खालीच राहिले, त्याचा अंक सहाव्या वर्षी ७५ तर बाराव्या वर्षी ६० भरेल. अशा वेळी पालकांना ‘मुलाची बुद्धी घटली’ असे सांगितले जाण्याचा संभव आहे. प्रत्यक्षात घट झाली आहे ती केवळ भागाकारात. स्टॅनफर्ड-बिनेच्या कर्त्यांनी हा दोष ओळखून १९६० साली विचलनाधिष्ठित बुद्ध्यंक स्वीकारला. गुणोत्तरावर चालणाऱ्या कसोटीत मात्र तो तसाच राहतो.

दुसरा दोष प्रमाणकांच्या जुनेपणाचा आहे. १९५१ च्या जनगणनेत भारतातील साक्षरतेचे प्रमाण सुमारे १८ टक्के होते, २०११ साली ते सुमारे ७४ टक्के झाले. चित्रे, छापील मजकूर, घड्याळ, नाणी, शाळेतील प्रश्नोत्तरे यांचा मुलांना होणारा परिचय मधल्या काळात आमूलाग्र बदलला. अशा स्थितीत १९३० च्या दशकातील मुलांशी आजच्या मुलाची तुलना करणे म्हणजे जुन्या मापाने नवे धान्य मोजणे होय. जेम्स फ्लिन यांनी १९८४ साली अमेरिकन कसोट्यांच्या अभ्यासातून दाखवून दिले की, प्रमाणके जुनी होत गेली की गुण फुगत जातात. तेथे ही वाढ दर दशकाला सुमारे तीन गुण इतकी होती. अन्य अनेक देशांतही कमीअधिक वेगाने हीच दिशा आढळली.

फुगलेला अंक मुलाच्या हिताचाच असणार, असे प्रथमदर्शनी वाटेल. परंतु तो कोणत्या दारापाशी तपासला जातो यावर ते अवलंबून आहे. ज्या मुलाला बौद्धिक अक्षमतेचे प्रमाणपत्र हवे, त्याचा खरा अंक ६६ असताना जुन्या प्रमाणकांनी तो ७५ दाखविला तर त्याच्यापुढे दार बंद होते. ज्या मुलाला विशिष्ट अध्ययन अक्षमतेचे प्रमाणपत्र हवे, त्याचा खरा अंक ८० असताना तो ८९ दिसला तर दार उघडते. एकच दोष एकाला वंचित करतो आणि दुसऱ्याला तारतो; दोघांच्या गरजांशी मात्र त्याचा काही संबंध नसतो.

तिसरा दोष उपयोगाच्या रीतीत आहे. कसोटीतील प्रश्नांची भाषा, स्मरण, संकल्पना, अंकविचार, सामाजिक समज इत्यादी गटांत विभागणी करून मुलाच्या बलाबलाचा आलेख काढण्याची पद्धत आहे. हेतू स्तुत्य आहे. पण बिने पद्धतीत प्रत्येक वयाला थोडेच प्रश्न असतात आणि प्रत्येक गटाचा प्रश्न प्रत्येक वयाला असतोच असे नाही. एका गटात एखादाच प्रश्न आला आणि तो चुकला, तर तेवढ्यावरून ‘स्मरण दुर्बल’ असा निष्कर्ष काढणे म्हणजे एका थेंबावरून पावसाचे मोजमाप करण्यासारखे आहे. असा आलेख शंकास्थान म्हणून घ्यावा आणि त्याची पडताळणी दुसऱ्या साधनाने करावी, एवढेच शास्त्राला धरून आहे.

चौथा दोष भाषेचा. कामतांची कसोटी मराठीत आहे हे तिचे बलस्थान असले, तरी मराठी शाळेतील प्रत्येक मूल घरी मराठी बोलते असे नाही. मेळघाटातील मूल घरी कोरकू बोलते, नंदुरबारमधील भिली वा पावरी बोलते, गडचिरोलीतील गोंडी बोलते, आणि शहरांतील कितीतरी मुलांची घरची भाषा हिंदी, उर्दू, कन्नड वा तेलुगू असते. शब्दार्थाच्या प्रश्नावर असे मूल अडले तर मापन बुद्धीचे झाले की भाषापरिचयाचे? कॅलिफोर्नियात १९७० साली डायना खटल्यात नेमका हाच प्रश्न उपस्थित झाला होता. इंग्रजी कसोटीवरून मतिमंदांच्या वर्गात घातलेल्या मेक्सिकन वंशाच्या मुलांची त्यांच्या मातृभाषेत फेरतपासणी होताच बहुतेकांचे गुण लक्षणीय वाढले, आणि मुलाची तपासणी त्याच्या घरच्या भाषेतही झाली पाहिजे, हे तत्त्व त्या प्रकरणातील तडजोडीत मान्य झाले. आपल्याकडे या विषयावर अजून पुरेसा विचार व्हावयाचा आहे.

५

आतापर्यंतचे दोष तांत्रिक आहेत, आणि तंत्राने ते सुधारता येतील. नवी प्रमाणके तयार करता येतील, विचलनाधिष्ठित अंक वापरता येईल. १९६९ साली नागपूर येथे आर्थर मॅलिन यांनी वेक्सलर यांच्या कसोटीचे भारतीय रूपांतर केले, त्यात शाब्दिक आणि कृतिप्रधान असे दोन भाग आहेत. तेही या दिशेचेच एक पाऊल होते, जरी त्याची प्रमाणकेही आता जुनी झाली आहेत. परंतु सर्व तंत्र निर्दोष झाले तरी एक प्रश्न शिल्लक राहील. अंकावर रेषा ओढून मुलांची विभागणी करणे योग्य आहे काय?

महाराष्ट्र शासनाने अध्ययन अक्षमता असलेल्या विद्यार्थ्यांना परीक्षेत सवलती देण्यास १९९६ साली प्रारंभ केला. हे पाऊल उचलताना महाराष्ट्र देशात अग्रेसर राज्यांपैकी एक होता. पुढे दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ याने विशिष्ट अध्ययन अक्षमतेला दिव्यांगत्वाच्या यादीत स्थान दिले. या अधिनियमात शाळांवर असेही कर्तव्य घातले आहे की, अशी अक्षमता शक्य तितक्या लवकर ओळखावी आणि तिच्या निवारणासाठी योग्य ते अध्यापनविषयक उपाय योजावेत. येथे कायद्याची दृष्टी बिने यांच्या दृष्टीशी जुळते. ओळख ही अध्यापनासाठी आहे.

परंतु २०१८ साली निघालेल्या केंद्रीय मार्गदर्शक तत्त्वांत प्रमाणपत्राचा क्रम वेगळा होता. प्रमाणपत्र आठ वर्षांच्या पुढेच मिळावयाचे. प्रथम बुद्धिमापन करावयाचे. आणि बुद्ध्यंक ८५ हून अधिक आढळल्यासच वाचन, लेखन व गणित यांच्या खास कसोट्यांकडे जावयाचे. दुसऱ्या बाजूस बौद्धिक अक्षमतेची मर्यादा ७० च्या खाली होती. या दोन रेषांच्या मधील मूल अध्ययन अक्षमतेच्या दारातून आत जात नाही, आणि बौद्धिक अक्षमतेच्या दारातून गेले तरी चाळीस टक्क्यांच्या, म्हणजे ‘लक्षणीय दिव्यांगत्वाच्या’, मर्यादेपर्यंत पोहोचत नाही. प्रसामान्य वितरणाचा विचार केला तर ७० ते ८५ या पट्ट्यात शंभरांपैकी सुमारे चौदा मुले येतात. चाळीस मुलांच्या वर्गात ती पाच-सहा होतील. वर्गशिक्षकाला ज्यांची रोज चिंता वाटते ती मुले बहुधा हीच असतात. ही तत्त्वे २०२४ साली सुधारण्यात आली. पण अंकाला द्वारपाल करण्यामागील विचार तपासण्याची गरज त्यामुळे संपत नाही.

ही रेषा किती नाजूक असते हे बिने पद्धतीच्या सोप्या गणिताने दाखविता येईल. समजा, एका मुलाचे वय नऊ वर्षे दोन महिने, म्हणजे ११० महिने आहे. सातव्या वर्षाचे सर्व प्रश्न त्याने सोडविले; हे ८४ महिने झाले. पुढे प्रत्येक प्रश्नाला दोन महिने याप्रमाणे आठव्या वर्षाचे चार आणि नवव्या वर्षाचे दोन प्रश्न त्याला आले. हे १२ महिने. मानसिक वय ९६ महिने, बुद्ध्यंक ८७. आता यांतील केवळ एक प्रश्न चुकला असता तर मानसिक वय ९४ महिने आणि बुद्ध्यंक ८५ झाला असता. ‘८५ हून अधिक’ ही अट त्याने पुरी केली नसती. त्या दिवशी मूल उपाशी आले होते, बाहेर गोंगाट होता, परीक्षक अनोळखी होता, यांपैकी कोणत्याही कारणाने एक प्रश्न चुकू शकतो. कसोटीची विश्वसनीयता ०.९० इतकी उत्तम मानली आणि प्रमाण विचलन १५ धरले तरी मापनाची प्रमाण त्रुटी सुमारे पावणेपाच गुण येते. म्हणजे ८७ अंक मिळविणाऱ्या मुलाबद्दल प्रामाणिकपणे एवढेच म्हणता येईल की, त्याचा खरा अंक बहुधा ७८ ते ९६ यांच्या दरम्यान असावा. शास्त्र जेथे एक पट्टा दाखविते तेथे कार्यालय एक रेषा ओढते.

याहूनही गंभीर आक्षेप तात्त्विक आहे. वाचनात अडचण असलेले मूल कमी वाचते. कमी वाचल्यामुळे त्याचा शब्दसंग्रह व सामान्यज्ञान यांची वाढ खुंटते. आणि हेच शब्दसंग्रह व सामान्यज्ञान शाब्दिक बुद्धिकसोटीत मोजले जाते. कीथ स्टॅनोव्हिच यांनी १९८६ साली या दुष्टचक्राचे विवेचन केले. याचा निष्कर्ष असा की, ज्या मुलाकडे जितकी वर्षे दुर्लक्ष झाले तितका त्याचा अंक खाली येण्याचा संभव, आणि म्हणून मदतीस अपात्र ठरण्याचाही. दुर्लक्षाची शिक्षा दुर्लक्षितालाच मिळते. लिंडा सीगेल यांनी १९८९ साली वाचनअक्षमतेच्या व्याख्येत बुद्ध्यंकाचे स्थानच अमान्य केले, आणि अमेरिकन मनोवैद्यक संघटनेच्या २०१३ च्या निदानपुस्तिकेत बुद्ध्यंक व संपादन यांतील तफावतीची अट उरली नाही. बौद्धिक अक्षमता नाही ना, एवढे पाहणे वेगळे. आणि बुद्ध्यंक सरासरीचा असल्याचा पुरावा मागणे वेगळे.

येथे ब्रिटनमधील वॉर्नक समितीच्या १९७८ च्या अहवालाची आठवण होते. त्या समितीने अपंगत्वाचे वर्ग बाजूस ठेवून मुलाची ‘विशेष शैक्षणिक गरज’ हा विचाराचा केंद्रबिंदू केला. शालेय जीवनात केव्हा ना केव्हा पाचांपैकी एका मुलाला विशेष साहाय्याची गरज भासेल, असा तिचा अंदाज होता. प्रमाण जर पाचांत एक असेल, तर प्रमाणपत्र हे त्या साहाय्याचे प्रवेशद्वार होऊ शकत नाही. कारण इतक्या मुलांची रुग्णालयात तपासणी होणे शक्य नाही, आणि आवश्यकही नाही.

६

मग मूल्यमापन कसे असावे? याचे उत्तर अंकाच्या आसपास न शोधता वाचन-लेखनाच्या प्रत्यक्ष घडणीत शोधले पाहिजे. येथे मराठीचा विचार इंग्रजीहून वेगळा करावा लागतो. देवनागरी ही अक्षरप्रधान लिपी आहे. इंग्रजीतील ‘बी’ आणि ‘डी’ यांची उलटापालट हे लक्षण लोकांच्या मनात इतके बिंबले आहे की, मराठी मुलाच्या चुकांतही तेच शोधले जाते. मराठी मुलाची अडचण अन्यत्र असते. ऱ्हस्व वेलांटी अक्षराआधी लिहिली जाते पण उच्चार नंतर होतो. रफार अक्षराच्या डोक्यावर बसतो पण उच्चार त्याच्या आधीचा असतो. जोडाक्षरांत अक्षरांची रूपे बदलतात. मात्रा व अनुस्वार डोळ्यांतून निसटतात. शिवाय अक्षरांची संख्या मोठी असल्यामुळे त्यांवर प्रभुत्व येण्यास अधिक काळ लागतो. सोनाली नाग यांनी २००७ साली कन्नड वाचनाच्या अभ्यासात दाखवून दिले की, अक्षरज्ञानाची ही प्रक्रिया प्राथमिक शाळेच्या वरच्या इयत्तांपर्यंत चालू राहते. म्हणून दुसरीतील मराठी मूल जोडाक्षरांत अडते यात आश्चर्य नाही. चौथीतील मूल साध्या मात्रांवर अडत असेल तर मात्र थांबून पाहिले पाहिजे. असा भेद करण्यासाठी मराठी वाचनाचीच कसोटी लागते. मानेसर येथील राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने २०१५ साली हिंदी, मराठी, कन्नड व इंग्रजी या भाषांसाठी जे ‘डाली’ नामक साधन प्रकाशात आणले, त्यात शिक्षकांनी वापरावयाच्या चाळणीचाही समावेश आहे. ही दिशा स्वागतार्ह होय.

अहवालाची तुलना केली म्हणजे मुद्दा अधिक स्पष्ट होईल. समजा, एका चौथीतील मुलीचा अहवाल असा आहे : ‘बुद्ध्यंक ८१, सीमारेषेलगत, अवधान अपुरे, उपचारात्मक अध्यापनाची शिफारस.’ यातील एकही शब्द खोटा नसेल, पण सोमवारी सकाळी वर्गात शिरणाऱ्या शिक्षिकेला त्याचा काय उपयोग? आता दुसरा अहवाल पाहा : ‘गोष्ट वाचून दाखविल्यास प्रश्नांची उत्तरे अचूक देते, स्वतः वाचताना दर ओळीत दोन-तीन ठिकाणी अडते, बहुतेक अडथळे रफार व जोडाक्षरांपाशी, अडलेला शब्द तोडून म्हणावयास शिकविल्यावर दहांपैकी सहा शब्द जमले, तीन सूचना एकदम दिल्यास तिसरी विसरते, फळ्यावर लिहिल्यास तिन्ही पाळते.’ या अहवालात अंक नाही असे नाही, पण ते अंक अध्यापनाचे आहेत. पुढचा धडा कोठून सुरू करावा हे त्यातून कळते. अडलेला शब्द तोडून शिकविल्यावर काय घडले ही नोंद तर विशेष मोलाची. कारण ती मुलीला आज काय येते यापेक्षा, साहाय्य मिळाल्यावर काय येऊ शकते हे सांगते. वायगॉट्स्की यांनी निकट विकासाच्या क्षेत्राची जी कल्पना मांडली, आणि रूवेन फॉयरस्टाइन यांनी चाचणी, अध्यापन व पुन्हा चाचणी या क्रमाने जी गतिशील मूल्यमापनाची पद्धत सिद्ध केली, तिचे मर्म हेच होय.

या मतावर एक आक्षेप येईल, आणि तो उचित आहे. दुसरा अहवाल कितीही उपयुक्त असला तरी परीक्षा मंडळाला जादा वेळ वा लेखनिक देताना वस्तुनिष्ठ आधार हवा; तेथे परीक्षकाची वर्णने चालणार नाहीत, अन्यथा ज्यांच्याकडे साधने व ओळखी आहेत त्यांनाच सवलती मिळतील. हा धोका खरा आहे. परंतु त्यावरचा उपाय असा की, सवलतीचा आधार त्या सवलतीशी संबद्ध असावा. जादा वेळ द्यावयाचा तर वाचनाचा व लेखनाचा वेग मोजावा. लेखनिक द्यावयाचा तर लिखाणाची प्रत आणि तोंडी उत्तराची प्रत यांतील अंतर मोजावे. ही मापनेही वस्तुनिष्ठ होऊ शकतात. जी गोष्ट द्यावयाची आहे तिची गरज न मोजता भलतीच गोष्ट मोजणे, हेच सप्रमाणतेच्या कल्पनेशी विसंगत आहे.

७

सारांश, कामतांच्या कसोटीची योग्यता तिच्या अंकात शोधली तर ती आज उणी ठरेल. मुलाशी त्याच्या भाषेत, त्याच्या परिचयाच्या वस्तू घेऊन केलेला एक सुव्यवस्थित संवाद म्हणून पाहिले तर तिच्यापासून अजूनही शिकण्यासारखे पुष्कळ आहे. तिचा वापर सोडून द्यावा असे आमचे म्हणणे नाही. तिचा अंक प्रवेशपत्राप्रमाणे वापरणे थांबवावे, आणि तिच्यातून मिळणारी निरीक्षणे अहवालात आणावीत, एवढेच म्हणणे आहे.

या विषयात पदव्युत्तर संशोधनाला वाव आहे, आणि तो मोठ्या खर्चाचा नाही. शब्दार्थाचे व विसंगतीचे प्रश्न आजच्या मराठी मुलांना कोणत्या वयात सुटतात, याची फेरतपासणी एखाद्या जिल्ह्यापुरती सहज करता येईल. घरी कोरकू वा भिली बोलणाऱ्या मुलांची दोन्ही भाषांत तपासणी करून फरक मोजता येईल. परंतु सर्वांत निकडीचा अभ्यास याहून साधा आहे. शाळांच्या कपाटांत जे मानसशास्त्रीय अहवाल पडून आहेत ते उघडून, शिक्षकांना विचारावे : हा अहवाल आल्यानंतर तुम्ही शिकविण्यात काय बदलले? मानसमापनाच्या सप्रमाणतेचे अनेक प्रकार आपण पाठ्यपुस्तकांतून शिकवितो. त्या यादीत या एका प्रश्नाची भर घातली पाहिजे. आणि बहुतेक अहवालांबाबत त्याचे उत्तर ‘काहीच नाही’ असे आले, तर त्या अहवालांतील अंक कितीही अचूक असले तरी ती मापने ज्या मुलांसाठी झाली त्यांच्या ती उपयोगी पडली नाहीत, असाच निर्णय द्यावा लागेल.